स्टुडिओवाल्याच्या लेकीनं कुठली ब्रांच घ्यावी?

पत्र, थोडक्यात: तालुक्याच्या गावी आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. मोबाइल आल्यापासून पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी एवढंच उरलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम घेऊन. अकरावीला गणितात 68 टक्के. दुकानातला जुना डीएसएलआर घेऊन काहीबाही प्रयोग करत असते, पायथनही शिकते. म्हणते, 'मला फोटो काढायचे नाहीत, कॅमेरा फोटो कसा बनवतो ते शिकायचंय.' एक खासगी संस्था 'डिजिटल इमेजिंग आणि एआय' असा वर्षाचा डिप्लोमा तीन लाखांत देते. तिथे घालू, की इंजिनिअरिंगला? इंजिनिअरिंगला असली ब्रांच असते का?

स.न.वि.वि.

आधी तीन लाखांचं बोलू. भरू नका. त्या संस्थेकडून अभ्यासक्रमाचा कागद मागवा. त्यात विषयांच्या जागी फोटोशॉप, लाइटरूम अशी सॉफ्टवेअरची नावं दिसली, तर तेवढं तुमच्याकडे अल्बम डिझाइन करणारा पोरगाही शिकवेल. तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, तेही विचारा. पण मान्यता असली, तरी तुमच्या लेकीला जे विचारायचंय त्याचं उत्तर तिथे मिळेल असं मला वाटत नाही. फोटोची आवड असलेली मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात. त्यांना मी मुंबईच्या जे.जे. उपयोजित कलेचा किंवा पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयचा रस्ता दाखवतो. तुमची लेक त्या रस्त्याची नाही. तिचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

तिला काय शिकायचंय हे तुम्हाला तुमच्याच धंद्यातून सांगतो. तुमचा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा असेल, तर त्याच्या सेन्सरवर सुमारे 2 कोटी 40 लाख पिक्सेल असतात. पण यातला एकही पिक्सेल पूर्ण रंग बघत नाही. प्रत्येकावर एकेक रंगीत गाळणी बसवलेली असते: निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्श्यावर लाल, पाव हिश्श्यावर निळी. हिरव्या जास्त, कारण उजेडातला बारीक फरक आपल्या डोळ्याला त्याच पट्ट्यात सगळ्यात नीट कळतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट 1976 सालचं, आणि आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये तीच किंवा तिचीच भावंडं आहेत. म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक रंग मोजलेला आणि उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून गणिताने काढलेले. तुम्ही ग्राहकाला जो अल्बम देता, त्यातल्या रंगांच्या दर तीन आकड्यांपैकी दोन कॅमेऱ्याने शब्दकोड्यातल्या रिकाम्या चौकटींसारखे भरलेले असतात.

हे भरणं चुकतं कधी? बारीक चौकड्यांचा सूट घातलेला नवरदेव आठवा. कापडावर नसलेल्या रंगीत लहरी फोटोत उमटतात आणि तुम्ही अल्बमच्या वेळी त्या पुसत बसता. कापडाची वीण आणि पिक्सेलमधलं अंतर एकमेकांच्या जवळ आलं, की सेन्सरला खरी वीण धरता येत नाही आणि तो भलतीच जाड नक्षी दाखवतो. काही कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर चित्र किंचित मऊ करणारी काच असते, ती याचसाठी. हे नीट समजायचं तर 'सॅम्पलिंग'चा, म्हणजे ठरावीक अंतरावर नमुने घेण्याचा, सिद्धांत आणि गणितज्ञ फूरिए यांचं लहरींचं गणित लागतं.

मांडवातल्या मंद उजेडात फोटोला दाणे येतात, त्याचंही तसंच. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि त्याच्या मोजणीतली चढउतार साधारण वर्गमुळाएवढी असते. एका पिक्सेलवर 10,000 फोटॉन पडले तर 100 चा फरक, म्हणजे एक टक्का. 100 च पडले तर 10 चा, म्हणजे दहा टक्के. कितीही महागाचा कॅमेरा घ्या, हा हिशेब टळत नाही. मोठी लेन्स, मोठा सेन्सर, जास्त वेळ, नाहीतर फ्लॅश. इथे लागतं प्रोबॅबिलिटी.

म्हणून 68 टक्क्यांबद्दल दोन शब्द. काळजी करण्यासारखे नाहीत, पण सोडून देण्यासारखेही नाहीत. मॅट्रिक्स, इंटिग्रेशन, ट्रिगनॉमेट्री आणि प्रोबॅबिलिटी एवढे धडे तिने फक्त मार्कांसाठी करू नयेत. तिचा कॅमेरा त्यांच्यावरच चालतो हे एकदा कळलं, की तिच्यामागे लागावं लागणार नाही.

आता ब्रांच. 'इमेजिंग' नावाची वेगळी ब्रांच आपल्याकडच्या कॉलेजांत शोधू नका. तिचे विषय ईएनटीसीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये, सापडतील: सिग्नल्स अँड सिस्टिम्स, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, वरच्या वर्षांत बहुतेक ठिकाणी इमेज प्रोसेसिंग. कॉम्प्युटरला गेली तर सॉफ्टवेअरची बाजू पक्की होईल, पण सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स हातून सुटेल. माझं मत विचाराल, तर नव्या कॉलेजातल्या 'एआय-डेटा सायन्स'पेक्षा जुन्या, प्रयोगशाळा चालू असलेल्या कॉलेजातली ईएनटीसी बरी. सीईटीत कमी पडलं, तर बीएस्सी फिजिक्स हा कमीपणाचा मार्ग नाही. पुढे एमएस्सी करून भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करता येतो आणि त्यातून रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रेडिएशनच्या यंत्रांचं मोजमाप आणि सुरक्षितता बघणारा तज्ज्ञ, होता येतं.

नोकऱ्या कुठे? बेंगळुरू-हैदराबादमधल्या फोन आणि चिप कंपन्यांत 'कॅमेरा ट्यूनिंग' हे पूर्ण वेळचं काम आहे. दोन कंपन्यांच्या फोनमध्ये सेन्सर एकच असतो आणि फोटो वेगळे येतात, ते या लोकांमुळे. वेगवेगळ्या दिव्यांखाली 24 रंगचौकोनांचा तक्ता ठेवून रंग, दाणे, धार जुळवत बसायचं. (गोरं करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक तुम्ही रोज बघता. पुष्कळ फोनमध्ये ते काम कुणा इंजिनिअरने आधीच करून ठेवलेलं असतं, आणि ते मला अजिबात आवडत नाही.) चाकणसारख्या पट्ट्यात सुट्या भागांची तपासणी कॅमेऱ्याने करणाऱ्या यंत्रांना माणसं लागतात. इस्रोच्या उपग्रहांचे कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार होतात. आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तयार झालेली 'सूट' ही दुर्बीण 2023 मध्ये इस्रोच्या आदित्य-एल1 या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावर बसून गेली. ती सूर्याचे अतिनील किरणांतले फोटो काढते, तेही 4096 गुणिले 4096 पिक्सेलच्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरवर. लेकीला हे सांगा, तिला आवडेल.

एक अडचणही सांगून ठेवतो. सेन्सर घडतात ते मुख्यतः जपान-कोरियात. खुद्द सेन्सरची रचना करण्याच्या जागा आपल्याकडे मोजक्या आहेत आणि त्यासाठी पुढे एमटेक किंवा परदेशातलं शिक्षण लागेल. कोडॅकच्याच रोचेस्टर शहरात एका विद्यापीठात इमेजिंग सायन्सची स्वतंत्र पदवी मिळते. पण तो विचार चार वर्षांनी.

सध्या तो जुना डीएसएलआर विकू नका. बारावीची परीक्षा आणि सीईटी झाली, की तिला त्यावर रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग भरण्याआधीच्या कच्च्या आकड्यांत, फोटो काढायला सांगा. मग कॅमेऱ्याचं जेपीईजी बाजूला ठेवून पायथनमध्ये तिने स्वतः रंग भरावेत, व्हाइट बॅलन्स स्वतः लावावा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. लेन्सला झाकण लावून 30 सेकंदांचा फोटोही घ्यावा, एकदा दुपारी तापलेल्या खोलीत, एकदा पहाटे. काळ्या फोटोत ठिपके का दिसतात आणि उन्हाळ्यात का वाढतात, हे तिचं तिने शोधावं. अडलं तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापक प्रबीर कुमार बिस्वास यांचा इमेज प्रोसेसिंगचा कोर्स फुकट बघता येतो. महिनाभर ती यात रमली तर ईएनटीसी डोळे झाकून भरा. चार दिवसांत कंटाळली तर मला पुन्हा लिहा, बीएस्सीचं आणि कॉम्प्युटरचं नव्याने बोलू.

आणि फीचं. 2024-25 पासून राज्य सरकारने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय, पण ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना, आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, घेतला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. तुम्ही यात बसत असाल, तर उत्पन्नाचा, डोमिसाइलचा आणि लागेल तो जातीचा किंवा नॉन-क्रीमी लेयरचा दाखला निकालाची वाट न बघता आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग किती असते, ते तुम्हाला माहीत आहे.