सल्लागार कुणाचा, सही कुणाची?

प्रश्न : वादविवाद स्पर्धेत मला २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवर बोलायचं आहे. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांचे आर्थिक सल्लागार, माजी सिनेटर फिल ग्रॅम यांनी बँका मोकाट सोडल्या म्हणून २००८ चं आर्थिक संकट आलं, ही माझी बाजू. समोरचा ती कुठे तोडेल? (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : दोन ठिकाणी. १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणारी बँक आणि रोख्यांचा धंदा करणारी पेढी एका मालकाखाली येऊ नये म्हणून भिंत घातली होती. ती पाडणाऱ्या १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याला ग्रॅम यांचं नावच आहे, हे खरं. पण सिनेटमध्ये तो ९० विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाला आणि १२ नोव्हेंबरला त्यावर सही केली डेमोक्रॅट क्लिंटन यांनी. तेव्हा अर्थमंत्री होते लॅरी समर्स, जुलैपर्यंत रॉबर्ट रुबिन. रुबिन त्याच ऑक्टोबरात सिटीग्रुप या बड्या बँकेत गेले. २००८ मध्ये हे दोघंही डेमोक्रॅट उमेदवार ओबामांच्या सल्लागारांत होते! समोरचा हे काढणारच.

दुसरी जागा जास्त कच्ची आहे. संकटात कोसळलेली बेअर स्टर्न्स आणि १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरीचा अर्ज करणारी लेहमन ब्रदर्स या मुळातच गुंतवणूक पेढ्या. भिंत शाबूत असती तरी त्यांना गोत्यात आणणारे घरकर्जांचे रोखे त्यांनी घेतलेच असते. म्हणून १९९९ वर भर देऊ नका, डिसेंबर २००० चा वायदेबाजार कायदा धरा. त्याने 'स्वॅप' करार देखरेखीबाहेर ठेवले आणि तो रेटणाऱ्यांत ग्रॅम होते. सही मात्र पुन्हा क्लिंटन यांचीच. १९९८ मध्ये वायदे आयोगाच्या प्रमुख ब्रुक्सली बॉर्न यांनी या करारांवर नियम आणायचं म्हटलं, तेव्हा फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ग्रीनस्पॅन आणि अर्थमंत्री रुबिन यांनीच विरोध केला होता. हे तुम्ही स्वतःहून आधी सांगितलंत तर समोरच्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

प्रश्न : हे स्वॅप म्हणजे नेमकं काय? (उदगीर)

उत्तर : स्वॅपचे प्रकार अनेक, पण या संकटात गाजलेला स्वॅप म्हणजे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथला जामीनदार दर वर्षी फी घेतो. कर्ज बुडालं तर भरपाई त्याने द्यायची. हाच विमा म्हणून विकला असता तर राखीव रक्कम बाजूला ठेवणं भाग पडलं असतं. स्वॅप कायद्याने विमा नाही, त्यामुळे ती सक्ती नव्हती. शिवाय ज्या कर्जाशी आपला काडीचा संबंध नाही, त्यावरही करार घेता येई. शेजाऱ्याच्या गोठ्याचा विमा आपल्या नावावर काढावा तसा. एआयजी या अमेरिकी विमा कंपनीने असे ढीगभर करार विकले. तिची पत घसरली तसं करारांतल्या अटींप्रमाणे समोरचे जादा तारण मागू लागले आणि तेवढी रोकड तिच्याकडे नव्हती. १६ सप्टेंबर २००८ ला फेडरल रिझर्व्हला तिच्यासाठी ८५ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करावं लागलं.

प्रश्न : उमेदवाराभोवती सल्लागारांची रांग असते. खरा वजनदार कोण, हे कसं ओळखावं? (परभणी)

उत्तर : फोटोवरून तर नाहीच. १९७९ ते ८७ फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष राहिलेले, महागाई मोडण्यासाठी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेणारे पॉल व्होल्कर ओबामांशेजारी दिसले की लोकांना धीर येई. निवडून आल्यावर अर्थखातं मिळालं टिमथी गाइथनर यांना, व्हाइट हाउसमधली आर्थिक परिषद समर्स यांना. व्होल्कर यांच्याकडे एक सल्लागार मंडळ आलं. बँकांनी स्वतःच्या खात्यावर सट्टा खेळू नये हा त्यांचा नियम २०१० च्या कायद्यात आला खरा, पण तोवर बँका वाचवण्याचे मोठे निर्णय होऊन गेले होते. तेव्हा माणसाने आधी कोणत्या कायद्याला हात लावला, पद सोडून कुणाच्या पगारावर गेला, हे तपासा. टीव्हीवरच्या बोलण्याला त्याखालोखाल किंमत. तरी उचलली जीभ लावली टाळ्याला केलं की तेही भोवतं : मंदी 'मानसिक' आहे आणि देश रडक्यांचा झालाय असं ग्रॅम म्हणाले, आणि जुलै २००८ मध्येच त्यांना प्रचारातलं पद सोडावं लागलं.

प्रश्न : आपल्या मोंढ्याशी याचा काही संबंध? (लातूर)

उत्तर : सल्लागारांशी नाही, संकटाशी आहे. शिकागोत सोयाबीन जुलै २००८ मध्ये बुशेलला १६ डॉलरच्या वर होतं, डिसेंबरात ८ च्या आसपास आलं. बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलो. आपल्याकडची पेंड परदेशी जाते आणि खाद्यतेल बाहेरून येतं, त्या दोन वाटांनी तिकडचा भाव इथल्या सौद्यापर्यंत पोचतो.