जळलेल्या सायप्रसच्या रानात जाण्यापूर्वी

वाळपई, सत्तरी

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या बेकर सायप्रस या झाडाच्या अभ्यासासाठी या हंगामात तुझी निवड झाल्याचे कळले आणि फार समाधान वाटले. सोबत काय घेऊ, असे तू विचारले आहेस. सामानाची यादी तुला तिकडून येईलच, म्हणून त्या यादीत जे नसते तेवढेच मी लिहितो.

आधी नावाचा घोळ मिटवू. फारसीतून आलेला आपला ‘सुरू’ हा शब्द मुळात सायप्रसचाच. पण केरीच्या किनाऱ्यावर लहानपणापासून तू जो सुरू पाहत आलीस तो कॅज्युरिना, म्हणजे फुलणाऱ्या झाडांपैकी एक, आणि त्याची फळे शंकूसारखी दिसतात एवढेच. बेकर सायप्रस मात्र खरा सूचिपर्णी वृक्ष आहे. विलिस जेप्सन यांनी १९०९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. उत्तर कॅलिफोर्निया आणि नैर्ऋत्य ओरेगनमध्ये एकमेकींपासून दूर पडलेल्या मोजक्या राया, एवढाच त्याचा पसारा.

त्याचा शंकू गोटीएवढा, राखाडी, खवले राळेने घट्ट चिकटलेले. नखाने उघडायचा प्रयत्न करून पाहा, उघडणार नाही. असे शंकू फांदीवर वर्षानुवर्षे मिटून राहतात. आग आली की झाड बहुधा मरते, पण त्याच उष्णतेने राळ वितळते, खवले विलग होतात आणि पालापाचोळा जळून उघड्या पडलेल्या मातीवर बी झडते. वरची सावली हटलेली असल्यामुळे रोपाला ऊनही मिळते. विसाव्या शतकात तिथे लागलेली प्रत्येक आग विझवण्याचे धोरण चालले, तेव्हा पांढऱ्या फरची झाडे उंच होत गेली आणि त्यांच्या सावलीत जुने सायप्रस मरू लागले तरी नवे रोप दिसेना. २००७ च्या सप्टेंबरात प्लुमास राष्ट्रीय वनात मूनलाइट नावाचा वणवा लागला, त्यात मड लेकजवळची राई होरपळली आणि पुढे तिथेच रोपांची दाटी झाली.

हे वाचून वणव्याविषयी एकदम प्रेम वाटू देऊ नकोस. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यातले डोंगर जळताना आपण पाहिले. आपल्या रानातल्या झाडांकडे असे मिटलेले शंकू नाहीत. तिकडेही दोन आगींमधले अंतर कमी पडले, तर कोवळ्या झाडांवर पुरेसे शंकू धरण्याआधीच ती जळतात आणि त्या ठिकाणी पुन्हा पेरायला बीच उरत नाही. तेव्हा आग कोणत्या रानात, किती वर्षांनी आणि किती तीव्र, हे कळल्याशिवाय तिला चांगली किंवा वाईट म्हणता येत नाही, आणि ते कळण्यासाठीच तुला गुडघ्यांवर बसून रोपे मोजायची आहेत.

इथे माझी एक चूक सांगतो. तरुणपणी सत्तरीतल्या एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळाभर मी मीटर-मीटरच्या चौकटी टाकून सीतेची आसवे ही इवली रानफुले मोजत होतो. ज्या चौकटीत काहीच नसे तिची नोंद करायचा मला कंटाळा येई. छत्री सावरत रिकाम्या दगडावर काय लिहायचे, असे वाटे. हंगाम संपल्यावर सरासरी काढली तर सारा सडा फुलांनी भरलेला निघाला, आणि ते खरे नव्हते. अख्खा पावसाळा वाया गेला. तू रिकाम्या चौकटीतही ‘०’ लिही, आणि तो तिथेच उभी राहून, पेन्सिलीने लिही. ‘पाहिले नाही’ आणि ‘पाहिले, पण नव्हते’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

मोजणीला हात घालण्यापूर्वी दोन दिवस नुसती रोपे ओळखण्यात घालव. सायप्रसच्या कोवळ्या रोपाची पाने बारीक सुईसारखी असतात, मोठ्या झाडासारखी खवल्यांची नव्हेत, आणि नवखी नजर तिथेच फसते. खोडाचा घेर तिकडेही आपल्यासारखाच १.३७ मीटर उंचीवर घेतात, तेवढे तरी नव्याने शिकावे लागणार नाही.

जळून उभ्या राहिलेल्या खोडांखाली डबा उघडू नकोस. वारा सुटला की हातचे काम टाकून मोकळ्यावर ये. गाडी नेहमी परतीच्या तोंडाने उभी करायला सांग, कारण तुमचा हंगाम आणि तिकडच्या वणव्यांचा हंगाम एकच आहे. एका राईतून दुसरीकडे जाताना बुटांचा चिखल घासून काढ, त्या भागात सीडरची मुळे कुजवणारा रोग चिखलातूनच पसरतो. लाज वाटली तरी पाणी मागून पी.

चवथीला तू घरी नसशील, म्हणून आई हिरमुसली आहे. तिकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. आरतीच्या वेळेला, डोंगरात शिरण्यापूर्वी, तिला फोन कर.

तुझा,
सर