टेस्ट शुक्रवारी पास, लायसन्स मंगळवारचं

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यातले. गाडी माझ्या नावावर, फुल इन्शुरन्स, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के. मुलीचं लर्निंग लायसन्स फेब्रुवारीतलं. एप्रिलात एका शुक्रवारी आरटीओच्या कॅम्पमध्ये ती टेस्ट पास झाली. इंग्लंडला असलेला भाचा फोनवर म्हणाला, ‘पास झाली ना, मग आता एकटीला चालवू दे. फक्त इन्शुरन्सवाल्यांना कळव, पॉलिसी बदलावी लागते.’ तिने त्याच संध्याकाळी काचेवरचा एल काढून टाकला. रविवारी मी आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला गेलो होतो. ती माझ्या आईला देवळात घेऊन निघाली. वाडीच्या वळणावर दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं आहेत, तिथे समोरून स्कूटर आली. स्कूटरवाल्याचं मनगट मोडलं, आमचा डावा दरवाजा गडग्यावर घासला. दुरुस्तीचा अंदाज अठरा हजार. पक्कं लायसन्स मंगळवारी निघालं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मागच्या काचेवरच्या एलच्या डिंकाच्या डागाचाही फोटो काढला. सगळे सांगतात, गाडी तुम्हीच चालवत होतात असं लिहा. बैठकीत स्कूटरवाल्याला चाळीस हजार द्यायचं जवळजवळ ठरलंय. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, क्लेम फॉर्मवर चालक म्हणून स्वतःचं नाव लिहू नका. सांगणारे तुमच्या भल्यासाठीच सांगतायत, पण निस्तरायला त्यातलं कोणी येणार नाही. तुम्ही त्या दिवशी वाशीत होता. तिथल्या पट्टीवर, म्हणजे आंबा विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर तारीख आहे, मोबाइलचं लोकेशन आहे, आणि स्कूटरवाल्याने स्टिअरिंगवर कोण होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. विम्याचा करार खऱ्या माहितीवर उभा असतो. चालकाचं नाव खोटं निघालं तर क्लेम तर जाईलच, वर फसवणुकीचा आरोप येईल. आज जे प्रकरण मुलीच्या एका चुकीचं आहे, ते बापलेक दोघांवर शेकेल.

आता मूळ गोंधळ. भाचा तिकडचं बरोबर सांगतोय. ब्रिटनमध्ये टेस्ट पास झाल्याचं सर्टिफिकेट हातात पडलं की कार्डाची वाट न बघता एकट्याने गाडी चालवता येते. तिथे विमा चालकाच्या नावावर आणि वयावर ठरतो. शिकाऊ चालकासाठी घेतलेल्या बऱ्याच पॉलिसी पास झाल्याक्षणी संपतात, म्हणून कंपनीला लगेच कळवावं लागतं आणि हप्ताही अनेकदा वाढतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे टेस्ट पास होणं ही लायसन्स मिळण्याआधीची एक पायरी आहे. आरटीओने लायसन्स मंजूर करून त्यावर जी तारीख टाकली, त्या तारखेपासून ते लायसन्स. तुमच्या बाबतीत मंगळवार. म्हणजे रविवारी तुमची मुलगी कायद्याच्या नजरेत शिकाऊच होती.

त्यात तुमच्या बाजूची गोष्ट ही, की लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. तिचं रविवारी जिवंत होतं. ती बिनालायसन्सची नव्हती.

अडचण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ३ ची आहे. शिकाऊ माणसाच्या शेजारी त्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल हवा, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. रविवारी गाडीत फक्त तुमच्या मातोश्री होत्या आणि एल काढलेला होता. तुमच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ म्हणून चार-पाच ओळी असतील, त्या काढून वाचा. शिकाऊ चालकाला गाडी चालवायची मुभा आहे, पण नियम ३ पाळून, असं तिथे लिहिलेलं सापडेल. सर्व्हेअरने डिंकाच्या डागाचा फोटो त्यासाठीच घेतला.

म्हणून क्लेमचे दोन भाग वेगळे करून बघा.

स्कूटरवाल्याचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मनगट त्याचं मोडलंय. थर्ड पार्टी विमा त्याच्यासाठीच सक्तीचा केलेला आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरण सिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय, की चालकाकडे लर्निंग लायसन्स असेल तरी जखमीची भरपाई कंपनीला द्यावी लागते. शर्त मोडली असं कंपनी म्हणत असेल, तर त्या मोडण्याचा अपघाताशी थेट संबंध होता हे सिद्ध करण्याचं ओझंही कंपनीवरच. तो संबंध सिद्ध झाला तर दिलेले पैसे ती तुमच्याकडून वसूल करायला बघेल, हा धोका मी लपवत नाही. शेजारी जाणता माणूस असता तर ब्रेक वेळेत लागला असता, असा युक्तिवाद होणार.

चाळीस हजारांची बैठक मात्र थांबवा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, अशी शर्त पॉलिसीत असते. स्टॅम्पपेपरवर सही केलीत तर कंपनीला हात झटकायला कारण मिळेल, आणि उद्या मनगटाचं ऑपरेशन निघालं तर तो माणूस पुन्हा तुमच्या दारात उभा राहील. याचा अर्थ त्याच्याकडे जायचं नाही असा मुळीच नाही. जा, बसा, दवाखान्यात न्या-आणा करा. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना, विमा कंपनीला कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकाचं कर्तव्यच आहे. त्याला सांगा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज कर. तो तुमच्याविरुद्ध केस करतोय म्हणून मनात राग धरू नका, त्याचे पैसे मिळण्याचा सरळ रस्ता तोच आहे. २०१९ च्या दुरुस्तीत अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तीही त्याला सांगा.

तुमच्या दरवाजाचा भाग कमजोर आहे. स्वरण सिंगचा आधार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच २००७ मध्ये लक्ष्मीनारायण धूत प्रकरणात सांगितलंय. अठरा हजारांतून सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकाने स्वतः सोसायची रक्कम जाणार, आणि क्लेम मिळालाच तर ५० टक्क्यांचा एनसीबीही जाणार. मी तुमच्या जागी असतो तर दरवाजाचा क्लेम मागे घेतला असता. अपघाताची लेखी खबर मात्र कंपनीकडे राहू द्या. तरी क्लेम लढवायचाच असेल तर नकाराची कारणं लेखी मागा. मग विमा लोकपालाकडे किंवा रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल.

पोलिसांकडून मुलीवर मोटार वाहन कायद्याचं कलम १८१ आणि चावी दिली म्हणून तुमच्यावर कलम १८० लागू शकतं. दोन्हींत पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मनगट मोडलं म्हणून भारतीय न्याय संहितेची कलमंही येतील, ती जामीनपात्र आहेत. मुलीला घाबरवू नका, पण पोलीस ठाण्यात एकटीला पाठवूही नका.

यापुढे कंपनीला कळवायचं का? तिला लायसन्स मिळालं म्हणून आपल्याकडे पॉलिसी बदलत नाही. इथे विमा गाडीचा. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो आणि पक्कं लायसन्स असलेला कोणीही तुमच्या परवानगीने ती चालवू शकतो. फरक पडतो तो एका ठिकाणी, आणि तिकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकाचा, म्हणजे तुमचा आहे. मुलगी गाडी चालवताना तिला काही झालं तर त्यातला एक रुपया मिळणार नाही. ती रोज गाडी काढणार असेल तर तिच्या नावाने वेगळा अपघात विमा घ्या.

लर्निंग लायसन्सची पीडीएफ जपून ठेवा, आणि दोन्ही तारखा दिसतील असा लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट (नोंदीचा उतारा) आरटीओतून काढून घ्या. आणि उद्या सकाळीच टेप घेऊन त्या वळणावर जा. रस्त्याची रुंदी मोजा, गडग्यावरच्या ओरखड्याचे फोटो काढा, वळणापलीकडचं किती दिसतं ते दोन्ही बाजूंनी टिपा. मृग लागला की चिऱ्यावर शेवाळ चढेल, मग तो ओरखडा कोणालाच दाखवता येणार नाही.