बसखालची शेगडी

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. नातू मोबाइल एका चकतीवर नुसता ठेवतो आणि तो चार्ज होतो. बसही अशीच चार्ज होते म्हणतो. पावसाळ्यात स्टँडवर घोटाभर पाणी साचतं, शॉक नाही का बसणार? आणि वायर लावली तर बिघडतं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कंडक्टरसाहेब, नातू खरं बोलतोय. घरी इंडक्शन शेगडी असेल तर वरचं पातेलं जरा उंच उचलून बघा, ती टीं टीं करायला लागेल. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्याचं सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र पातेल्याच्या बुडात वीज खेळवतं. बसला पातेल्याच्या जागी दुसरं वेटोळं, आणि तिथली वीज बॅटरीत. बास.

मी हे पाहिलं 2014 मध्ये, मुलीकडे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात गेलो होतो तेव्हा. त्याच जानेवारीत वुल्व्हर्टन ते ब्लेचली या 24 किलोमीटरच्या 7 नंबरच्या मार्गावर अशा 8 बस सुरू झाल्या होत्या. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर बस नेमक्या जागी उभी करायचा, मग तिच्या पोटाखालची वेटोळ्याची प्लेट उतरून रस्त्यातल्या प्लेटपासून 4 सेंटिमीटरवर थांबायची. आमची ही म्हणाली, ''कोंबडी अंड्यावर बसल्यासारखी बसलीय!'' दहा मिनिटं ती बसून राही. 120 किलोवॉटनं दहा मिनिटं म्हणजे 20 युनिट. बस किलोमीटरला साधारण एक ते सव्वा युनिट खाते, तेव्हा चहा होईपर्यंत पंधरा-वीस किलोमीटरची सोय. रात्री मात्र डेपोत वायरच लावत.

म्हणजे वायर वाईट नाहीच. पण दिवसभराची वीज सकाळीच भरून निघायचं तर बॅटरी भली मोठी लागते, आणि तिचं ओझं बस दिवसभर वाहते. दर फेरीला घोट घोट मिळाला तर लहान बॅटरीवर भागतं. त्यासाठी दर वेळी जाड केबल ओढायला माणूस कुठून आणणार?

पाण्याचं म्हणाल, तर प्लेट बंदिस्त असते, उघडं टोक कुठंच नाही, आणि चुंबकीय क्षेत्राला पाणी आडवं येत नाही. वर बस नसेल तर वीज बंद. खोड आहे ती धातूची. मध्ये नाणं, खिळा पडला तर तो तापतो, म्हणून ते ओळखायची सोय ठेवावी लागते.

दक्षिण कोरियात कैस्ट या संस्थेनं 2013 मध्ये गुमी शहरात बस चालता चालता चार्ज करून दाखवली. 17 सेंटिमीटरच्या अंतरातून 85 टक्के वीज पोचत होती. कौतुक आहे, पण त्यासाठी रस्त्याखाली जागोजागी केबल पुराव्या लागल्या. आपल्याकडे एकच रस्ता पाण्याच्या पाइपसाठी, मग गटारासाठी, मग फोनसाठी उकरतात. तिथं मी एक रुपया घालणार नाही. स्टँडच्या फलाटाखाली मात्र जरूर घालीन.

फक्त, पांढऱ्या पट्ट्यावर चाक अचूक थांबवणारे ड्रायव्हर तुमच्या डेपोत किती होते, तेवढं कळवा.