हॉटेल साखळीचा पीई १००: शेअर महाग म्हणायचा का?

प्रश्न: वेस्टलाइफ (मॅकडॉनल्ड्स) किंवा ज्युबिलंट फूडवर्क्ससारख्या (डॉमिनोज) कंपन्यांचा पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा, पाहून शेअर घ्यावा का? आकडा फारच मोठा दिसतो.

उत्तर: नुसत्या पीईवर जाऊ नका. भाव ६०० रुपये आणि प्रतिशेअर नफा ६ रुपये असेल तर पीई १०० येतो, पण खरी मेख त्या ६ रुपयांत असते.

१ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेकरारांचे लेखामानक लागू झाले आणि दुकानभाड्याचा हिशेब बदलला. समजा, एका आउटलेटचे भाडे वर्षाला १० लाख, करार ९ वर्षांचा, व्याजदर ९ टक्के. या भाड्याचे आजचे मूल्य सुमारे ६० लाख; ते हिशेबात मालमत्ता आणि देणे म्हणून धरले जाते आणि भाड्याऐवजी घसारा व व्याज दिसते. पहिल्या वर्षी घसारा ६.७ लाख आणि व्याज ५.४ लाख, म्हणजे खर्च १२ लाखांवर दिसतो. खिशातून मात्र १० लाखच जातात. शेवटच्या वर्षी हाच खर्च साडेसात लाखांवर येतो. त्यामुळे भराभर नवी दुकाने उघडणाऱ्या कंपनीचा नफा दबतो आणि पीई फुगतो.

एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) पाहिलात तर उलटी फसगत होते, कारण त्यात भाडे धरलेलेच नसते. गुंतवणूकदार सादरीकरणात ‘प्री-इंड एएस’ एबिटडा, म्हणजे जुन्या पद्धतीने भाडे वजा केलेला, दिला असेल तर तोच घ्या. एकरकमी नफा-तोटा वगळून, एकत्रित (उपकंपन्यांसह) निकालांवरून पीई स्वतः काढा. कंपनी तोट्यात असेल तर पीईला अर्थच नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुन्या दुकानांची विक्रीवाढ. ती सलग चार तिमाही उणे असेल, तर १०० सोडाच, ५० चा पीईसुद्धा आम्हाला महागच वाटेल.