१५ हजारांत ‘आय-७’ कॉम्प्युटर मिळतोय, घ्यावा का? घरच्या वापरासाठी स्वस्तात पार्ट कसे निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, तुम्ही घरून दोन-तीन दुकानांचे हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर सांभाळता आणि बजेट मॉनिटरसकट २५ हजार आहे. दुकानदार १५ हजारांत ‘आय-७, १६ जीबी रॅम, लायटिंगचं कॅबिनेट’ द्यायला तयार आहे. मी कॉम्प्युटर जुळवणं आणि दुरुस्ती याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: हा सौदा करू नका.

दुकानदाराला एकच विचारा, प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? नुसतं ‘आय-७’ म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं अर्धंच नाव झालं. या किमतीत बहुतेक वेळा २६०० किंवा ३७७० असा नंबर निघतो. चार आकडी नंबरात पहिला आकडा जनरेशन सांगतो. ३७७० म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ सालची. पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे बघायचे. आय३-१२१०० म्हणजे बारावी जनरेशन, २०२२ ची. दोन्हींना चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत, तरी प्रत्येक कोअरच्या वेगात हा ‘छोटा’ आय-३ त्या आय-७ च्या जवळपास दुप्पट पळतो आणि वीज कमी खातो.

गिऱ्हाईक फसतं ते मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाच्या, खोक्यामुळे. ऑफिसांतून भंगारात निघालेले जुने प्रोसेसर बाजारात ढिगाने आहेत, आणि त्यांच्यासाठी एच६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी मुख्य चिप) बोर्ड आजही नवे बनवून विकले जातात. हा चिपसेट २०११ चा. बोर्ड कोरा, खोकं सीलबंद, बिलावर वॉरंटी, त्यामुळे सगळंच नवं वाटतं. पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी सोय) लागतं, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ‘बायपास करून ११ टाकून देतो’, म्हणजे ही अट चुकवून टाकतो, असं दुकानदार म्हणेल. ते चालतंही, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर तुम्ही दुसऱ्यांचे हिशेब ठेवणार, जीएसटी रिटर्न भरणार आणि नेटबँकिंग करणार, तिथे ही जोखीम नको.

मग काय घ्यायचं? तुमच्या बजेटला मी कंपन्यांच्या लीजमधून परत आलेला ब्रँडेड डेस्कटॉप सुचवेन. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, एचपी प्रोडेस्क ६०० जी४, लेनोवो थिंकसेंटर एम७२० ही सगळी आठव्या जनरेशनची घराणी. त्यात आय५-८५०० मिळाला तर उत्तम. सहा कोअरचा आहे, टॅली आणि अभ्यासाला पुरून उरतो. ही मशीन ऑफिसात एसीत, यूपीएसवर चाललेली असतात, त्यामुळे आतून बऱ्यापैकी धडधाकट निघतात. शिवाय यातल्या बहुतेकांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) कंपनीने घातलेली विंडोज प्रोची लायसन्स की असते. त्याच प्रकारचं विंडोज ११ टाकलं की नेटला जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरचं क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज, टाकायची गरज पडत नाही, आणि त्या क्रॅकसोबत काय काय येतं हे मी दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये बघत असतो.

पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. यातल्या बऱ्याच मॉडेलचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. एसएमपीएस गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला नेहमीचा बसत नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. तुमच्या गावात ते अवघड वाटत असेल तर ‘टायनी’ किंवा ‘मिनी’ प्रकार बघा. तो पुस्तकाएवढा डबा लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरवर चालतो. ॲडॉप्टर सहज मिळतो, प्रोसेसर ३५ वॉटचा असतो आणि लोडशेडिंगमध्ये यूपीएस जास्त वेळ तग धरतो. यात नेहमीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही, पण तुम्हाला ते लागणारही नाही.

नवा असेंबल करायचाच असेल तर एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी किंवा इंटेलचा आय३-१२१०० यांच्याभोवती जुळवा. दोन्हींत ग्राफिक्स आतच आहे. इंटेलच्या नंबरापुढे ‘एफ’ लागलेला स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतं, मग वेगळं कार्ड घ्यावं लागतं आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपची डिस्क) यांचे भाव फार चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा माल एआयच्या डेटा सेंटरकडे जातोय. मॉनिटर धरून २५ हजारांत नवा जुळवणं आता ओढाताणीचं आहे.

रॅम जुनी घेतली तरी चालते. हा पार्ट सहसा झिजत नाही. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून एकही एरर आला नाही तर खुशाल वापरा. आठ जीबीवर सुरुवात करा, पण दुसरा स्लॉट रिकामा आहे ना ते बघून. पुढे दुसरी आठची पट्टी टाकली की दोन पट्ट्या जोडीने चालतात आणि आतल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो, कारण ते याच रॅममधून जागा घेतं. एसएसडी मात्र नवी आणि नावाजलेल्या कंपनीची घ्या, किंगस्टन, डब्ल्यूडी यांपैकी कुठलीही, निदान तीन वर्षांच्या वॉरंटीची. २५० जीबीच्या आसपासची पुरेल. साटा की एनव्हीएमई (एसएसडी जोडायचे जुना आणि नवा प्रकार) या वादात पडू नका, टॅली आणि ब्राउझरला फरक जाणवत नाही. हार्ड डिस्कवर विंडोज टाकून देणारा दुकानदार असेल तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.

आता विजेबद्दल. लोक पैसे वाचवतात ते इथेच, आणि सगळ्यात जास्त मशीन मरतात तीही इथेच. लायटिंगच्या कॅबिनेटसोबत ‘४५० वॉट’चा एसएमपीएस फुकट मिळतो. बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? १६ असतील तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॉट. आजच्या कॉम्प्युटरचा जवळपास सगळा भार याच लाइनवर असतो, त्यामुळे ४५० हा आकडा फक्त स्टिकरवर राहतो. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३४-३६ अँपिअर दिसतात. तुमच्या कामाचं मशीन १०० वॉटसुद्धा क्वचितच खाईल, म्हणून मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. छोटा घ्या पण खरा घ्या. बीआयएसची खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर हवाच, आणि ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) असेल तर अजून बरं.

यूपीएस घ्यायलाच हवा. टॅलीमध्ये एंट्री चालू असताना वीज गेली की डेटा खराब होण्याची भीती असते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तो भरपूर आहे. घरात साइनवेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का बघा, ते चालू केलं की वीज जाता-येता बहुतेक मशीन रीस्टार्ट होत नाहीत. तसं असेल तर वेगळ्या यूपीएसचे पैसे वाचतील.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना मुंग्या आल्यासारखं होत असेल तर बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं, घराला अर्थिंग नसते. एसएमपीएसच्या आत विजेचा खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मा दाब, सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्ट, उभा राहतो. पेनड्राइव्ह किंवा प्रिंटर जोडताना पोर्ट जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावायला सांगा, साधारण २३० दिसायला हवेत. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालायची सवय असेल तर ती आजच सोडा. आणि नेटची तांब्याची लॅन वायर शेजारच्या गच्चीवरून येत असेल तर वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्यावर ती काढून ठेवा. फायबर थेट घरात आली असेल तर ही चिंता बरीच कमी.

मॉनिटर २२ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसतात तो) बघा; मुलगी तासन्‌तास त्यासमोर बसणार आहे. जुना घेणार असाल तर पूर्ण पांढरी स्क्रीन लावून कोपरे पिवळट पडलेत का ते पाहा, आणि एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे याची खात्री करा. नुसत्या व्हीजीएच्या मॉनिटरला पुढे कन्व्हर्टर शोधत बसावं लागतं. कीबोर्ड तुमच्यासाठी नंबर पॅडवाला हवा. हिशेब लिहिणारे बरेच जण टीव्हीएस गोल्डच वापरतात, तो महाग आहे पण वर्षानुवर्षं टिकतो. सध्या साधा घेऊन नंतर बदललात तरी अडत नाही. माऊस, स्पीकर, वेबकॅम कुठलेही चालतील. कॅबिनेटला काच आणि दिवे नसले तरी काही बिघडत नाही.

मुंबईत कोणी ओळखीचं असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर भाव विचारून घ्या, आणि तो आकडा हातात ठेवून आपल्या गावातल्या दुकानदाराशी बोला. शंभर-दोनशे जास्त पडले तरी जवळच्याकडूनच घ्या, कारण बिघडल्यावर मशीन उचलून त्याच्याकडेच न्यायचं आहे. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या; ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ एवढंच लिहिलेल्या बिलावर एसएसडीची वॉरंटी मागायला गेलात तर वाद होतो. लीजच्या मशीनवर टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते लेखी घ्या. घरी आणल्यावर त्याच आठवड्यात क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसएसडी खरंच नवी आहे का, म्हणजे ‘पॉवर ऑन अवर्स’ (आतापर्यंत चाललेले तास) किती दाखवते, ते बघा. तिथे हजारोंचा आकडा दिसला तर बिल घेऊन लगेच दुकान गाठा.