बंद मॉलची जागा आणि आरपार वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेला लागून असलेला मॉल बंद पडला असून तो पाडून तेथे निवासी मनोरे, कार्यालये आणि तळमजल्यावर दुकाने होणार आहेत. मॉल सुरू होता तेव्हा मागच्या दाराने आत शिरून पुढच्या दाराने आम्ही स्टेशनच्या रस्त्याला लागत असू. आता पूर्ण भिंतीला वळसा घालावा लागतो. विकासकाच्या नकाशात दोन फाटके आणि आतल्या आत फिरणारा एक रस्ता एवढेच दिसते. काही सभासद आरपार रस्ता मागा म्हणतात, तर रस्ता झाला की गाड्या आमच्या गल्लीत घुसतील, असे इतरांना वाटते. आम्ही नेमकी काय मागणी करावी?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, कांदिवली

उत्तर : पायी जाणाऱ्याची वाट आणि गाडीची वाट हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या सभेत ते एकत्र झाल्यामुळे वाद पेटला असावा. पायवाट आरपार, सर्वांसाठी आणि चोवीस तास उघडी मागा. मोटारींची ये-जा मात्र मुख्य रस्त्याकडूनच ठेवायला सांगा. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काढता येण्याजोगे खांब बसवले, तर एरवी गाड्या अडतील आणि प्रसंगी अग्निशमन दलाचा बंब आत जाऊ शकेल. बंबाला वळायला राष्ट्रीय इमारत संहितेनुसार किमान ९ मीटर त्रिज्या लागते, म्हणून ते वळण नकाशात आखलेले आहे ना, हे पाहून घ्या.

इतकी वर्षे मॉलमधून गेलो म्हणजे आपला वहिवाटीचा हक्क झाला, असे मात्र कृपया धरून चालू नका. वहिवाटीच्या हक्कांच्या १८८२ सालच्या कायद्यानुसार खासगी जमिनीवरून जाण्याचा असा हक्क मिळण्यासाठी २० वर्षे अखंड, उघड आणि हक्काने वापर व्हावा लागतो. मालकाच्या परवानगीने झालेला वापर त्यात धरला जात नाही. मॉलचे दार सकाळी उघडत होते, रात्री बंद होत होते आणि दारावरचा रक्षक पिशव्या तपासत होता. ती परवानगीच होती, आणि मॉलबरोबर तीही संपली. म्हणून नवी वाट कागदावर हवी.

त्यासाठी मुंबईच्या विकास आराखडा २०३४ मधला आपल्या भागाचा नकाशा आधी पाहा. त्या भूखंडातून प्रस्तावित रस्ता किंवा रस्तारुंदीची रेषा जात असेल, तर तुमचे निम्मे काम झालेले आहे. नसेल, तर सार्वजनिक पायवाट मंजूर ले-आउटमध्ये रुंदीसह दाखवावी आणि ती कायम खुली ठेवण्याचे विकासकाचे हमीपत्र नोंदणीकृत असावे, अशी लेखी मागणी महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे करा. हे सगळे प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, मिळण्याआधी व्हायला हवे, कारण एकदा पाया खोदला की तळघरातल्या वाहनतळाचा रॅम्प हलत नाही. नकाशा मिळत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

रॅम्पबद्दल मी मुद्दाम आग्रह धरतो. तो फाटकाला चिकटून असला की रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग रस्त्यावर येते आणि पदपथ त्या रांगेखाली जातो. म्हणून रांग भूखंडाच्या आतच मावेल इतके अंतर फाटक आणि रॅम्प यांच्यात हवे. माल उतरवण्याची जागा, रिक्षा थांबा आणि घरपोच वस्तू आणणाऱ्यांच्या दुचाकी यांनाही नकाशात ठिकाण हवे, नाहीतर ही सगळी मंडळी तुमच्या गल्लीत उभी राहतील.

मोठा भूखंड एकाच भिंतीआड न ठेवता लहान तुकड्यांत आणि रस्त्यांत विभागणे शक्य आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लेकवूड येथे १९६६ साली उघडलेला व्हिला इटालिया हा मॉल २००१ मध्ये बंद पडला. त्या जागी बेलमार हा नवा भाग उभा राहिला आणि तिथे २२ लहान तुकडे आखून त्यांच्यामधून रस्ते नेले. इतक्या दूर जायचीही गरज नाही. आपल्या दादरच्या हिंदू कॉलनीतल्या गल्ल्यांमधून एकदा चालून या. थोड्या थोड्या अंतरावर कोपरा येतो, म्हणून पाय दमत नाहीत. याउलट लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जमिनी आपापल्या कुंपणात विकसित होत गेल्या आणि चालणारा माणूस जुन्याच अरुंद रस्त्यांवर राहिला, याचे मला आजही दुःख होते.

पायवाटेची रुंदी मागताना रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेस या संस्थेचा किमान १.८ मीटरचा निकष पुरेसा मानू नका. तो निव्वळ चालण्याच्या मोकळ्या पट्ट्याचा आहे. दिव्याचा खांब, झाड आणि दुकानाची पायरी त्याच्या बाहेर हवीत.

आणखी एक. बंद पडलेल्या अशा एका भूखंडाच्या कुंपणाशी मी पाहिले होते : एक पत्रा कोपऱ्यातून वाकवलेला होता आणि त्याखाली ठेवलेले दोन पेव्हर ब्लॉक पायांनी घासून गुळगुळीत झाले होते. तुमच्याकडेही लोकांनी अशी जागा शोधली असेल, तर ती नकाशावर खूण करून ठेवा. एक बुधवार आणि एक रविवार निवडून सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजता तासभर उभे राहा, भिंतीला वळसा घालणारे किती, त्यांत काठी टेकणारे आणि कडेवर मूल असलेले किती, हे मोजा आणि तो तक्ता अर्जाला जोडा.